बारव, बातमी आणि ‘संदर्भ हवा’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या बारवेविषयी, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीविषयी, तुम्ही मराठी विकिपीडियावर लिहिलंत की ती शिवकालीन आहे आणि स्वारीवर जाताना महाराजांचा तिथे मुक्काम पडला होता. दुसऱ्या एका सदस्यानं त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे ठरावीक सूचनेची खूण, लावला आणि आठवड्याभरानं वाक्यच काढून टाकलं. तुम्ही एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीतल्या बातमीचा दुवा दिलात. त्यावर तो म्हणाला की ही बातमी विकिपीडियावरूनच उचललेली आहे. मग तुम्ही ते वाक्य तीन वेळा परत टाकलंत, त्यानं तीन वेळा उलटवलं, म्हणजे तुमचा बदल रद्द केला, आणि आता प्रतिबंधाची भाषा सुरू झाली आहे. ‘आजोबांपासून ऐकत आलोय, सगळ्या गावाला माहीत आहे, खरं आहे त्याला पुरावा कशाला?’ असं तुम्ही विचारलं आहे.

आधी एक विनंती: चौथ्यांदा ते वाक्य टाकू नका. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की प्रतिबंध येतो. मराठीवर प्रचालक, म्हणजे व्यवस्था पाहणारे अधिकारप्राप्त सदस्य, सहसा आधी समजावून सांगतात, पण संपादन युद्ध कोणत्याही भाषेत खपवून घेतलं जात नाही. शिवाय अशा ओढाताणीत नेहमी नवा माणूसच थकतो. गावाकडच्या विहिरी, देवळं, जत्रा यांवर मनापासून लिहू पाहणारी कितीतरी माणसं अशाच पहिल्या भांडणानंतर निघून गेलेली मी पाहिली आहेत. तुम्ही जाऊ नये म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

‘संदर्भ हवा’ हे शब्द लागतात, हे मला ठाऊक आहे. घरच्या माणसाला कोणी ‘कशावरून?’ विचारावं तसे ते लागतात. पण तो साचा तुमच्या खरेपणाविषयी काहीच म्हणत नाही. तो वाचणाऱ्याच्या वतीनं लावलेला असतो. चंद्रपूरची एखादी मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी तुमचा लेख उघडेल. तिला तुम्ही माहीत नाही, तुमचे आजोबा माहीत नाहीत. तिच्यासाठी तुम्ही म्हणजे एक सदस्यनाव, किंवा खातं उघडलं नसेल तर नुसता अंकपत्ता (आयपी). तिनं तुमच्यावर विश्वास ठेवावा असं म्हणायला विकिपीडियाजवळ काहीच आधार नाही, कारण इथे कोणाचीही पदवी, वय किंवा गाव तपासलं जात नाही. म्हणून तिला एक पत्ता द्यायचा: अमुक पुस्तक, अमुक आवृत्ती, अमुक पान. तिला वाटलं तर ती तिथे जाऊन पाहील. संदर्भ म्हणजे हा पत्ता.

इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणात बरीच वर्षं एक वाक्य होतं. लेखात काय घ्यायचं याची कसोटी पडताळता येणं ही आहे, सत्य ही नव्हे, अशा अर्थाचं. त्यावर इतके वाद झाले की २०१२ साली ते सुरुवातीच्या परिच्छेदातून काढलं गेलं. काढलं ते बरं झालं असं माझं मत आहे, कारण नवीन माणसाला त्यातून ‘इथे खऱ्याची किंमत नाही’ असं ऐकू यायचं. आशय मात्र तोच राहिला. मजकूर खरा असावा हे सगळ्यांनाच हवं असतं. पण खरं काय हे दोन सदस्यांनी आपापसांत भांडून ठरवायचं नसतं. ज्यांनी त्या विषयाचा अभ्यास करून छापून ठेवलं आहे त्यांचं म्हणणं तिथे आणायचं असतं.

हा आग्रह ढिला पडला की काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ नावाचा लेख आला. बिचोलिम म्हणजे गोव्यातली आपली डिचोली. १६४०–४१ साली पोर्तुगीज गोवा आणि मराठा साम्राज्य यांच्यात तिथे युद्ध झालं, असं त्या लेखात सांगितलं होतं. लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा होता, जागोजाग तळटीपा होत्या, भाषा सफाईदार होती. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. पाच वर्षं तो तसाच राहिला. २०१२ च्या डिसेंबरात एका संपादकानं संदर्भांत दिलेली पुस्तकं शोधायला घेतली, तेव्हा कळलं की ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत. सगळं युद्ध रचलेलं होतं.

मराठी वाचकानं तो लेख उघडला असता तर पहिल्याच ओळीला थांबला असता. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते आणि डिचोली आदिलशाहीत होती. कुठलं मराठा साम्राज्य? पण तो वाचक तिथे पोहोचला नाही, आणि जे पोहोचले त्यांनी तळटीपा मोजल्या, उघडल्या नाहीत. तेव्हापासून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. कोणी संदर्भ दिला की तो आहे का, एवढ्यावर थांबायचं नाही. त्या पानावर ते वाक्य खरोखर आहे का, हे पाहायचं. आता तर एआयच्या साधनांकडून लेख लिहून घेणारे आले आहेत. ती साधनं पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आयएसबीएन सगळं बिनचूक वाटेल असं देतात आणि पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात सापडत नाही. डिचोलीच्या लेखासाठी कोणाला तरी बसून हे रचावं लागलं होतं, आता तेवढाही वेळ लागत नाही.

आता तुमच्या बातमीकडे वळू. तो सदस्य ‘विकिपीडियावरून उचललेली’ म्हणाला, ते तुम्हाला कुरापत काढल्यासारखं वाटलं असेल. मीही याच खड्ड्यात पडलो आहे, म्हणून सांगतो. संपादन सुरू केलं त्या पहिल्या वर्षी मी आमच्या भागातल्या एका देवळाच्या जीर्णोद्धाराचं साल लेखात घातलं. साल मला एका वयस्कर पुजाऱ्यांनी अंदाजानं सांगितलं होतं, मी ‘सुमारे’ हा शब्द गाळला. दोनेक वर्षांनी एका पुरवणीत त्या देवळावर लेख आला. त्यात माझी वाक्यं होती, माझ्या स्वल्पविरामांसकट, आणि तेच साल. मग दुसऱ्या एका सदस्यानं सद्भावनेनं ती पुरवणी माझ्याच वाक्याला संदर्भ म्हणून जोडली. पुढे जीर्णोद्धाराच्या शिळेचं वाचन छापलेलं मिळालं, तेव्हा माझं साल अकरा वर्षांनी चुकलेलं निघालं. तोवर ते तीन ठिकाणी छापून झालं होतं. लेखातलं मी दुरुस्त केलं, छापलेलं आजही तसंच आहे.

जर्मनीत हेच देशपातळीवर घडलं. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग अर्थमंत्री झाले. त्यांच्या मूळ नावात आधीच लांबलचक नावांची माळ आहे. कोणीतरी जर्मन विकिपीडियावर त्या माळेत ‘विल्हेल्म’ हे एक नाव घुसवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या वृत्तपत्रांनी ते तसंच छापलं. विकिपीडियावर जेव्हा ‘संदर्भ काय?’ असं विचारलं गेलं, तेव्हा त्याच बातम्यांपैकी एक पुरावा म्हणून पुढे आली. म्हणजे खोट्यानं एक फेरी मारली आणि येताना दाखला घेऊन आलं.

तुमच्या बाबतीत हे तपासायला दहा मिनिटं लागतील. लेखाच्या वर ‘इतिहास पहा’ आहे. त्यात शिवकालीन असल्याचं वाक्य पहिल्यांदा कोणत्या तारखेला आलं ते शोधा आणि बातमीची तारीख पाहा. बातमी नंतरची असेल आणि शब्दरचना जुळत असेल, तर तो सदस्य बरोबर आहे. बातमी आधीची असेल, तर त्याला तसं चर्चा पानावर तारखांसह दाखवा. बातमी आधीची असली तरी एक अडचण उरतेच. कालच्या ग्रामसभेसाठी किंवा परवाच्या पुरासाठी वर्तमानपत्र उत्तम साधन आहे. सतराव्या शतकातल्या मुक्कामासाठी बातमीदारानं जे ऐकलं तेच लिहिलं असणार, म्हणजे पुन्हा तुमच्या गावातलंच कोणीतरी.

मग आजोबांचं काय? त्यांनी सांगितलेलं टाकून द्यायचं का? मुळीच नाही. तो गावाचा ठेवा आहे. फक्त आख्यायिका आहे ते आख्यायिका म्हणून लिहायचं. सिंहगडाचं पाहा. ‘गड आला पण सिंह गेला’ आणि म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. तानाजी मालुसरे पडले फेब्रुवारी १६७० मध्ये. पण ‘सिंहगड’ हे नाव १६६३ सालच्या पत्रातच आलेलं आहे. मग चांगला लेख काय करतो? आख्यायिका तो पुसत नाही, कारण तिच्यावर पोवाडे झाले, पिढ्या वाढल्या, तीही इतिहासाचा भाग झाली. तो सांगतो की असं मानलं जातं, आणि पुढच्याच वाक्यात पत्राचा दाखला देतो.

अर्थात ‘असं मानलं जातं’ यालाही ‘कुठे नोंदलं आहे?’ हा प्रश्न येतो, आणि इथे आपल्या भाषांवर खरोखर अन्याय होतो. ज्या समाजांचं ज्ञान तोंडी चालत आलं, त्यांच्याकडे छापील पान आणायचं कुठून? २०११ मध्ये यावर एक प्रयोग झाला होता. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली उत्तर सोथो या भाषांत, गावातल्या खेळांविषयी आणि रीतींविषयी जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच लेखांना संदर्भ म्हणून जोडल्या गेल्या. मोठ्या विकिपीडियांनी ते धोरण म्हणून स्वीकारलं नाही. मला ती वाट खेळ, पाककृती, शेतीची अवजारं, ओव्या यांच्यासाठी अजूनही योग्य वाटते. महाराज अमुक साली इथे उतरले होते, या विधानासाठी ती पुरत नाही. आजोबांनी स्वतः पाहिलेलं आणि त्यांनी ऐकलेलं, यांत साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे.

‘शिवकालीन’ या शब्दाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे जुन्या वास्तूंना दोन शब्द सर्रास चिकटवले जातात. काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की हेमाडपंती, आणि किल्ला, विहीर, वाडा दिसला की शिवकालीन. ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६० साल आहे, शिलाहारांच्या राज्यातलं. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं देऊळ, तरी त्याला हेमाडपंती म्हणणारे लेख मी स्वतः दुरुस्त केले आहेत. बारवांचंही तसंच. कित्येक बारवा यादवकाळातल्या आहेत. त्यांना शिवकालीन म्हटल्यानं आपण त्यांचं वय चारशे वर्षांनी कमी करतो. गावाचा मान वाढवायला जातो आणि गावाचाच इतिहास तोकडा करतो.

साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. तिथे शिलालेख आहे. शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. शकात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ येतं, म्हणजे सातारकर शाहू महाराजांचा काळ. आता कोणी घाईत ‘शके’ हा शब्द वगळून नुसते आकडे उचलले, तर विहीर १६४१ ची होते आणि आपोआप शिवकालीन ठरते. एक शब्द गाळल्यानं अठ्ठ्याहत्तर वर्षं इकडची तिकडे होतात. तुमच्या बारवेवर लेख कोरलेला असेल तर हे आधी तपासा.

तुम्ही असंही लिहिलंत की घरी एक मोडी कागद आहे आणि त्यात बारवेचा उल्लेख आहे. हे वाचून मला फार आनंद झाला. अस्सल कागदाचा आग्रह आपल्याकडे विकिपीडियामुळे आलेला नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली ती याच आग्रहापायी. बखरीत आहे म्हणून मानायचं नाही, त्या वेळचा कागद दाखवा, असं ते म्हणत आणि कागदांसाठी वाडे-माळे पालथे घालत. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, भले भले अभ्यासकही तिथे रागावतात. विकिपीडियावर राजवाडे होता येत नाही. घरचा कागद वाचून त्याचा अर्थ लावून थेट लेखात लिहिणं याला तिथे ‘मूळ संशोधन’ म्हणतात आणि ते चालत नाही. वाचन चुकलं असेल, कागद नक्कल असेल, तारीख दुसऱ्या शकातली असेल, हे तपासणारा कोणी जाणकार तिथे बसलेला नाही. तो कागद मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आलं आहे. त्या कागदाचं वाचन एखाद्या संशोधनपत्रिकेत छापून आलं की मग मजेत संदर्भ द्या. वेळ लागेल. पण मग ती बारव फक्त विकिपीडियावर राहणार नाही, इतिहासाच्या साधनांत जाईल.

तोवर हाताशी काय आहे? पहिलं गॅझेटियर. मुंबई इलाख्याची गॅझेटियर जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केली. पुणे आणि सातारा हे खंड १८८५ चे आहेत. त्यांत गावोगावच्या विहिरी, देवळं, बाजार यांच्या नोंदी आहेत. तुमचं गाव मराठवाड्यात असेल तर या खंडांत शोधण्यात वेळ घालवू नका, तो भाग तेव्हा निजामाकडे होता. स्वातंत्र्यानंतरची राज्य शासनाची जिल्हा गॅझेटियर पाहा. जुन्या गॅझेटियरमधल्या जातींविषयीच्या वर्णनांना मात्र हात लावू नका. इंग्रज अधिकाऱ्यांची ती वर्णनं आजच्या अभ्यासकांनी मोडीत काढली आहेत, आणि इंग्रजी विकिपीडियावरही जातींच्या लेखांत ब्रिटिशकालीन वर्णनं ग्राह्य धरत नाहीत. मराठी विश्वकोशाचे वीस खंड आता जालावर वाचता येतात, पण त्यात तुमच्या गावची बारव असण्याची शक्यता कमी. यादवकालीन स्थापत्यावरची सर्वसाधारण माहिती तिथून घ्या. गावच्या देवस्थानची स्मरणिका मिळाली तर तीही पाहा. जत्रेची तिथी, मानकरी, पालखीचा मार्ग यांसाठी ती चांगली. बांधकामाच्या काळासाठी ती पुन्हा ऐकीवच.

संदर्भ जालावरचाच हवा किंवा इंग्रजीच हवा, असं कोणी म्हणालं तर त्याला नम्रपणे सांगा की तसा नियम नाही. छापील मराठी पुस्तक, पान क्रमांकासह, पूर्ण ग्राह्य आहे. उलट आपल्या वर्तमानपत्रांचे जुने दुवे फार मरतात. युनिकोडच्या आधीचे अंक वेगळ्या फाँटमध्ये होते, ते आज उघडले तर अक्षरांचा चिखल दिसतो. दुवा देताना त्याची प्रत वेबॅक मशीनवर, म्हणजे जालावरची पानं साठवणाऱ्या संग्रहात, जतन करून ठेवा.

तुमच्याशी वाद घालणाऱ्या सदस्याचंही चुकलं आहे. मजकूर टाकणाऱ्यानं संदर्भ द्यायचा, हा नियम बरोबर. पण तिसऱ्यांदा उलटवण्याऐवजी त्यानं चर्चा पानावर चार ओळी लिहायला हव्या होत्या. ‘अविश्वकोशीय’ एवढा एकच शब्द संपादन सारांशात टाकून निघून जाणं हे प्रचालकांनाही शोभत नाही, आणि मी चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, हे वारंवार मांडत आलो आहे. साचा लावण्याआधी स्वतः पाच मिनिटं शोधलं तर निम्मे संदर्भ सापडतात.

दोन्ही बाजूंना भक्कम संदर्भ असतील तर काय, हेही तुम्ही विचारलं आहे. महाराजांच्या जन्मतिथीइतकं चांगलं उदाहरण नाही. पूर्वी बखरींच्या आधारे १६२७ साल मानलं जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंद कवीच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली, आणि बहुतेक इतिहासकारांनी ती मान्य केली. लेखात १६३० ठळक येतं, १६२७ चा उल्लेख कोणी आणि कशावरून मानलं या तपशिलासह खाली येतो. दोन्हींना अर्धी-अर्धी जागा दिली तर तो निष्पक्षपणा ठरणार नाही, कारण पुराव्याचं वजन सारखं नाही.

हे प्रश्न चर्चा पानाबाहेर गेले की फार महाग पडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागानं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्या आठवड्यात मराठीतल्या कित्येक जुन्या सदस्यांनी इतिहासाच्या लेखांना हात लावणं थांबवलं होतं. मजकूर पटत नसेल तर तिथेच, त्याहून चांगलं साधन पुढे ठेवून बदलता येतो. माझ्या डोळ्यांदेखत असे कितीतरी लेख बदलले आहेत.

आता तुमच्यापुरतं. चर्चा पानावर त्या सदस्याला साद द्या आणि सांगा की बातमीचा आग्रह मी सोडतो. लेखात सध्या एवढंच लिहा: गावाच्या पूर्वेला दगडी बांधणीची पायऱ्यांची बारव आहे, तिच्या भिंतीत इतके कोनाडे आहेत. जागेवर जाऊन कोणालाही पाहता येईल अशा वर्णनाला सहसा कोणी हरकत घेत नाही. सोबत फोटो जोडा. कोनाडे, पायऱ्या, मूर्ती यांचे फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवा, म्हणजे स्थापत्याचा अभ्यास करणाऱ्या कोणाच्या तरी नजरेला ते पडतील. कोरीव लेख असेल तर त्याचा फोटो भर दुपारी काढू नका. सकाळी आठच्या सुमारास ऊन तिरपं पडतं तेव्हा जा, सोबत पाण्याची बाटली आणि मऊ कुंचला न्या, चुना किंवा खडू अक्षरांत अजिबात भरू नका. शेवाळ ओलं करून हलक्या हातानं काढा. सुरुवातीचा ‘शके’ आणि त्यापुढचे आकडे स्पष्ट यायला हवेत, बाकीचं वाचणारे वाचतील.